सांध्यांचे शास्त्र : संगणकावरील आभासी प्रयोग एकमेकांशी कसे जोडले जातात?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिताना इतिहासाच्या शिक्षकाने अभियांत्रिकीचा विषय निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कारण साधे आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज अभियंते आहेत. “तुझे काम नेमके काय?” असे त्यांना विचारले, तर त्यांपैकी पुष्कळांचे उत्तर ‘सिम्युलेशन’ असे एका शब्दात येते. वसतिगृहात मुलाला ठेवून वर्षानुवर्षे राबलेल्या आईवडिलांना त्या शब्दातून काहीच उमगत नाही. आपल्या लेकीने किंवा लेकाने काय शिकले आणि त्याचा माणसांच्या जगण्याशी कोणता संबंध आहे, हे त्यांना कळावे, हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू आज शाळेत शिकत असलेल्या मुलांसाठी आहे. या शास्त्राच्या गाभ्याशी असलेले गणित नववीच्या विद्यार्थ्याला कागदावर करून पाहता येते, हे त्यांना दाखवावे असे मनात आहे.

एका पुलाची गोष्ट

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नॅरोज नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्यावरील झुलता पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. त्याचा मधला गाळा सुमारे ८५३ मीटर लांबीचा होता. रुंदी मात्र अवघी १२ मीटर. लिऑन मोइसेफ हे त्या काळातील नामांकित अभियंते त्याचे रचनाकार होते. पुलावर वाऱ्याचा किती दाब पडेल, तो दाब पुलाला किती वाकवील, याचा हिशेब काळजीपूर्वक केलेला होता. तरीही चार महिन्यांनी, ७ नोव्हेंबर १९४० रोजी, ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात तो पूल पिळवटू लागला आणि तासाभरात मधला गाळा पाण्यात कोसळला. त्याहून कितीतरी मोठा वारा तो सहज सोसेल, असे हिशेब सांगत होता.

हा पूल ‘अनुनादा’मुळे पडला, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. अनुनादासाठी ठरावीक लयीत बसणारे धक्के लागतात. त्या दिवशीचा वारा तर जवळजवळ एकसारखा वाहत होता. घडले ते असे : वाऱ्याने पूल थोडा पिळला. पूल पिळल्याबरोबर वाऱ्याला सामोरा येणारा त्याचा कोन बदलला. कोन बदलल्यामुळे वाऱ्याचे बल बदलले, आणि त्या बदललेल्या बलाने पूल आणखी पिळला. वारा पुलाला हलवीत होता, आणि हलणारा पूल वाऱ्याचे बल घडवीत होता. प्रत्येक फेरीत वाऱ्यातील थोडी ऊर्जा पुलाच्या हालचालीत जमा होत गेली.

अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात ऑथमार अमान हे पूलरचनाकार होते, तसेच थिओडोर फॉन कारमान हे वायुगतिकीचे शास्त्रज्ञही होते. या दोन शाखांची माणसे एका टेबलाशी बसली, यात मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून विशेष अर्थ दिसतो. स्थिर बलांचा विचार केला तर पुलाची रचना त्या काळच्या मानाने सदोष नव्हती. उणीव होती ती दोन हिशेबांच्या मधल्या जागेत. पुलाचा हिशेब एका वहीत होता, वाऱ्याचा दुसऱ्या वहीत, आणि पहिल्या वहीतील उत्तर दुसऱ्या वहीत परत जात नव्हते.

प्रत्येक शाखेचे वेगळे घर

पुढे संगणक आले आणि त्या वह्यांची जागा सॉफ्टवेअरने घेतली. प्रत्यक्ष वस्तू बनवण्याआधी तिचे गणिती प्रतिरूप संगणकात उभे करायचे आणि त्यावर प्रयोग करायचे, यालाच सिम्युलेशन म्हणतात. पूल, इमारत किंवा विमानाचा पंख यांचे हजारो लहान तुकडे कल्पून त्यांवरील ताण मोजण्याची ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धती १९५०च्या दशकात आकाराला आली. तिला हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. विजेच्या मंडलांसाठी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३च्या सुमारास ‘स्पाइस’ ही आज्ञावली तयार झाली. हवा आणि पाणी यांच्या प्रवाहासाठी, यंत्रांच्या हलत्या भागांसाठी, उष्णतेसाठी अशीच निरनिराळी साधने घडत गेली. प्रत्येक साधनामागे त्या शाखेतील माणसांचे कित्येक दशकांचे श्रम आणि पडताळणी आहे.

प्रश्न असा, की निसर्गाला या शाखा ठाऊक नाहीत. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आता धावणारी विजेची बस घ्या. ती खंडाळ्याच्या घाटासारखा चढ चढू लागली, की मोटार बॅटरीतून अधिक वीज ओढते. अधिक विजेमुळे बॅटरी तापते. बॅटरी तापली, की तिचा अंतर्गत रोध बदलतो आणि थंडावा देणारा पंप जोरात चालू लागतो. तो पंपही त्याच बॅटरीची वीज खातो. यंत्र, वीज, रसायन, उष्णता आणि या सर्वांवर देखरेख करणारा बसमधील संगणक असे पाच विषय एकाच क्षणी एकमेकांवर परिणाम करीत असतात.

मग सर्वांसाठी एकच मोठे सॉफ्टवेअर का लिहीत नाहीत? काही ठिकाणी तसे करतातही. परंतु तीन अडचणी येतात. पहिली, प्रत्येक शाखेतील पारखून घेतलेले ज्ञान टाकून देऊन नव्याने सुरुवात करावी लागते. दुसरी, प्रत्येक घटनेचा काळ वेगळा असतो. मोटारीला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कळा मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने उघडतात-मिटतात, तर बॅटरीचे तापमान मिनिटांच्या हिशेबाने चढते. आणि एका मिनिटात सहा कोटी मायक्रोसेकंद असतात. मंद बदलणाऱ्या तापमानाला एवढ्या बारीक पावलांनी चालवणे म्हणजे संगणकाचा निव्वळ अपव्यय. तिसरी अडचण व्यवहाराची. बॅटरी एका कंपनीची, मोटार दुसरीची, बस तिसरीची. आपल्या मालाची आतली सूत्रे कोणीच दुसऱ्याला दाखवत नाही.

म्हणून मार्ग निघाला तो असा : प्रत्येक साधनाने आपल्या घरी आपल्या पद्धतीने हिशेब करावा आणि ठरावीक क्षणी ठरावीक आकडे शेजाऱ्याला द्यावेत. याला को-सिम्युलेशन, म्हणजे सहकार्याने चालणारे सिम्युलेशन, म्हणतात. आकड्यांची ने-आण करणारी आणि सर्वांची घड्याळे जुळवणारी एक स्वतंत्र आज्ञावली असते. तिला आपण सूत्रधार म्हणू.

दोन खोल्या आणि चिठ्ठ्या

ही ने-आण दिसते तितकी सोपी नाही. ते समजण्यासाठी एक खेळ करून पाहावा. एका खोलीत एक मुलगी आणि दुसऱ्या खोलीत एक मुलगा बसवा. सूत्रधार म्हणून तिसऱ्याने चिठ्ठ्या न्याव्यात आणि आणाव्यात. मुलीचा नियम : आलेल्या संख्येचे अर्धे करून ते दहातून वजा करायचे. मुलाचा नियम : आलेल्या संख्येचे अर्धे करून त्यात चार मिळवायचे. एकाला दुसऱ्याचा नियम ठाऊक नाही.

मुलीला प्रथम शून्याची चिठ्ठी द्या. ती १० लिहून पाठवील. मुलगा ९ लिहील. मुलगी ५.५, मुलगा ६.७५, मुलगी ६.६२५, मुलगा ७.३१२५, पुढे मुलगी सुमारे ६.३४ आणि मुलगा सुमारे ७.१७. आणखी थोड्या फेऱ्यांत दोघे ६.४ आणि ७.२ या संख्यांवर स्थिरावतात. या दोन संख्या दोन्ही नियमांत बसतात, हे ताळा करून पाहता येईल. एकाचेही गुपित उघड न होता दोघांना मान्य असलेले उत्तर हाती आले.

आता नियम थोडे बदला. मुलीने आलेल्या संख्येची दुप्पट करून ती दहातून वजा करावी. मुलाने आलेल्या संख्येत चार मिळवावेत. याही नियमांना दोघांना मान्य होईल असे उत्तर आहे : मुलीचे दोन तृतीयांश आणि मुलाचे चार पूर्णांक दोन तृतीयांश. परंतु चिठ्ठ्या फिरवून पाहा. १०, १४, मग उणे १८, उणे १४, मग ३८, ४२, मग उणे ७४! दोघेही आपापला नियम अचूक पाळत आहेत, गणितात एकही चूक नाही, आणि तरी प्रत्येक फेरीत ते खऱ्या उत्तरापासून दूर चालले आहेत.

यावर उपाय सूत्रधाराच्या हाती आहे. मुलीने नवी संख्या काढली, की ती जशीच्या तशी पुढे न नेता तिची आधीची संख्या आणि नवी संख्या यांची सरासरी सूत्रधाराने पुढे न्यावी. मग मुलीच्या नावाने जाणाऱ्या संख्या अशा येतात : १०, उणे ४, ३, उणे ०.५, १.२५, ०.३७५, ०.८१२५... त्या हळूहळू दोन तृतीयांशाच्या जवळ येत जातात. नियम तेच, माणसे तीच. बदलली ती देवाणघेवाणीची रीत. अभियंते या उपायाला ‘अंडर-रिलॅक्सेशन’ म्हणतात.

हा केवळ खेळ नव्हे. विमानाचा पंख आणि हवा यांची जोडणी सहसा पहिल्या नियमांसारखी वागते, कारण पंखाच्या मानाने हवा फारच हलकी. रक्त आणि रक्तवाहिनी यांची जोडणी मात्र दुसऱ्या नियमांसारखी भरकटते, कारण रक्ताची आणि वाहिनीच्या भित्तीची घनता जवळपास सारखी असते. एकमेकांवरचा प्रभाव जेवढा बरोबरीचा, तेवढी प्रत्येक क्षणाला अधिक वेळा आणि अधिक सावधपणे देवाणघेवाण करावी लागते.

शिळा आकडा आणि चुकीचे माप

देवाणघेवाणीत आणखी दोन धोके असतात. पहिला उशिराचा. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची कल्पना करा. स्प्रिंगचा हिशेब एका साधनात आणि वजनाचा दुसऱ्यात होत आहे. वजनाला मिळणारा ओढीचा आकडा एक पाऊल शिळा आहे. वजन मध्यापासून दूर जात असताना शिळी ओढ प्रत्यक्षापेक्षा कमी असते. ते मध्याकडे परतत असताना शिळी ओढ प्रत्यक्षापेक्षा जास्त असते. जाताना कमी अडवणूक आणि येताना जास्त जोर, असा हिशेब झाल्याने प्रत्येक झोक्याला थोडी खोटी ऊर्जा जमा होते. वस्तू स्थिर असताना पडद्यावर ती थरथरताना दिसते. त्याहून घातक म्हणजे, अशा हिशेबाच्या भरवशावर खऱ्या यंत्रात नको ते बदल केले जातात. म्हणून देवाणघेवाणीची पावले किती लहान ठेवायची, हा सूत्रधारापुढील कळीचा निर्णय असतो.

दुसरा धोका मापाचा. तो सिम्युलेशनपुरता मर्यादित नाही. जिथे एका सॉफ्टवेअरचे उत्तर दुसऱ्याच्या हाती जाते, तिथे तो असतोच. अमेरिकेच्या ‘नासा’ने डिसेंबर १९९८ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाकडे पाठवले. वाटेत यान लहान लहान झोत सोडून आपला तोल सांभाळत असे. त्या झोतांचा परिणाम मोजणारे जमिनीवरील सॉफ्टवेअर आपला आकडा पौंड-सेकंद या इंग्रजी मापात देत होते. मार्ग ठरवणारे सॉफ्टवेअर तोच आकडा न्यूटन-सेकंद समजून वाचत होते. दोन मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. नऊ महिन्यांच्या प्रवासात ती लहानशी तफावत साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचे होते. नंतरच्या हिशेबानुसार ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले आणि गमावले. दोन्ही आज्ञावल्या आकडेमोड करीत होत्या. आकड्यासोबत त्याचे माप मात्र प्रवास करीत नव्हते.

सर्वांसाठी एक करार

यातूनच समान नियमांची गरज पुढे आली. दहा साधने असतील आणि प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र दुवा लिहायचा असेल, तर पंचेचाळीस दुवे लागतात. सर्वांनी एकच रीत मानली, तर दहा पुरतात. मोटारउद्योगाच्या निकडीतून युरोपात २००८ मध्ये ‘मॉडेलिसार’ हा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून २०१० मध्ये ‘फंक्शनल मॉक-अप इंटरफेस’, थोडक्यात एफएमआय, हे मानक प्रसिद्ध झाले. त्याची दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये आणि तिसरी २०२२ मध्ये आली. आज शंभराहून अधिक सॉफ्टवेअर साधने ते मानतात.

त्याची रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक प्रतिरूप एका बंद डब्यासारख्या फाइलीत ठेवायचे. डब्यावर सर्वांना वाचता येईल असे पत्रक असते : आत कोणते आकडे घेतले जातात, बाहेर कोणते दिले जातात, कोणत्या मापात, आणि काळाची पावले कशी टाकली जातात. डब्याच्या आत काय आहे, हे दाखवणे बंधनकारक नाही. अशा रीतीने कंपनीचे गुपित गुपितच राहते, आणि सांध्यावर जे येते ते सर्वांसमोर लिहिलेले असते.

विद्यार्थ्यांसाठी आवर्जून सांगण्याची गोष्ट म्हणजे हे मानक कोणालाही मोफत वाचता येते. ‘ओपनमॉडेलिका’ हे प्रतिरूपे बनवण्याचे साधन आणि जर्मन विद्यापीठांत घडलेले ‘प्रीसाइस’ हे जोडणीचे साधन, दोन्ही विनामूल्य आहेत. लाखो रुपयांचे परवाने विकत घेऊ न शकणाऱ्या महाविद्यालयातील मुलामुलींनाही हे शास्त्र शिकता येते.

आपल्या पावसाचा हिशेब

याच विचाराचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. हवा आणि समुद्र यांची संगणकीय प्रतिरूपे एकमेकांना जोडण्याचा मूलभूत प्रयोग स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी अमेरिकेत १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हवा झपाट्याने बदलते आणि समुद्र संथपणे. म्हणून त्यांनी हवेच्या एका वर्षासाठी समुद्राची शंभर वर्षे चालवली. बस आणि बॅटरी यांच्या बाबतीत पाहिलेली काळाची अडचण त्यांच्यापुढे अशी उभी होती. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनसाठी अशीच जोडलेली प्रतिरूपे वापरली जातात. केंद्र सरकारच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’खाली हवा, समुद्र, जमीन आणि सागरी बर्फ यांना जोडणारे अमेरिकी प्रतिरूप आपल्या पावसासाठी सुधारून घेण्यात आले. जोडणी का हवी? समुद्राचे तापमान बाहेरून ठरवून दिले, तर उबदार समुद्र हवेला सतत पाऊस पाडायला लावतो. प्रत्यक्षात ढग आले की ऊन अडते, वारा पाणी घुसळतो आणि समुद्र थंडावतो. मग पाऊसही ओसरतो. समुद्र हवेला घडवतो तसेच हवाही समुद्राला घडवते. हे परतीचे उत्तर हिशेबात घेतले नाही, तर अंदाज चुकतो. आणि पेरणीच्या वेळी चुकलेला अंदाज कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कर्ज होऊन येतो.

हिशेबाबाहेर राहिलेली माणसे

शेवटी एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा पादचाऱ्यांचा ‘मिलेनियम ब्रिज’ १० जून २००० रोजी खुला झाला. तोवर संगणकीय साधने प्रगत झालेली होती. लोक चालू लागताच पूल किंचित बाजूला डुलला. डुलणाऱ्या पुलावर तोल सांभाळण्यासाठी माणसे नकळत पाय फाकवून, पुलाच्या लयीत चालू लागली. त्यामुळे पूल अधिक डुलला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. सुमारे पन्नास लाख पौंड खर्चून धक्के शोषणारी उपकरणे बसवल्यावर फेब्रुवारी २००२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. टॅकोमाच्या वाऱ्याची जागा इथे माणसांनी घेतली होती. चालणारी माणसे हिशेबात होती. पण पुलाला प्रतिसाद देणारी, त्याच्यामुळे आपली चाल बदलणारी माणसे म्हणून नव्हती.  साधने कितीही कौशल्याने जोडली, तरी जे प्रतिरूपात घेतलेच नाही त्याचे उत्तर कोणतेही साधन देऊ शकत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष चाचणीला पर्याय नाही; दुरुस्तीनंतर त्या पुलावरही खऱ्या माणसांना चालवूनच खात्री करून घेण्यात आली.

पालकांना यातून इतके कळले तरी पुरे, की संगणकासमोर तासन्‌तास बसलेली आपली मुलगी किंवा मुलगा दोन शास्त्रांच्या सांध्यावर पहारा देत आहे. शाळेतील विद्यार्थ्यांना सांगणे असे, की आपला विषय पक्का करावा आणि शेजारच्या विषयाची भाषाही समजून घ्यावी. कोणताही आकडा दुसऱ्याला देताना तो कोणत्या मापात आहे, कोणत्या क्षणाचा आहे आणि त्याचे परतीचे उत्तर कुठे जाते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय विज्ञानाच्या वहीपासूनच लावून घेता येते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे आणि नववी-दहावीच्या मुलांकडून हा दोन खोल्यांचा खेळ करून घ्यावा. त्यासाठी संगणक लागत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या आणि दोन वर्गखोल्या शाळेत आहेत. सूत्रधार तेवढा आपण व्हावे.